हात सोड, सादिक

कापूर. बोरीची पानं. कोमट पाणी, तीन बादल्या.

अर्ध्या चड्डीतला, पांढऱ्या केसांचा एक माणूस एका पायावर उभा राहून हसतोय.

उपाशीपोटी दोनशे अकरा.

"अम्मी, उठू नका."

वडसा ते आरमोरी अर्धा तास. जीप मिळाली तर.

लाखोळीच्या शेंगा.

"ते वडसेवाली लय बडबड करते. मेल्यावरही ऐकू का तिचं?"

"अम्मी, उठू नका म्हणलं ना!"

*

आता सरळ सांगायचं तर शमसुन्निसाला उठायचं होतं आणि घरातलं कोणी उठू देत नव्हतं. एवढीच गोष्ट. पण एवढ्याशा गोष्टीला सहा महिने लागले आणि त्या सहा महिन्यांत तिनं जितक्या वेळा कपाळाला हात लावला, तितक्या वेळा तो हात भिंतीला लावता आला असता तर ती कधीच चालायला लागली असती.

वय सदुसष्ट. साखर अठरा वर्षांपासून. आरमोरीच्या मुसलमान घरांत बाई वारली की मय्यतीला शेवटची अंघोळ घालायला, गुसल द्यायला, शमसुन्निसाला बोलवत. एकोणतीस वर्षं हे काम तिचंच होतं. तापात गेली, रोज्यात गेली, एकदा तर मुलाच्या, सादिकच्या लग्नाच्या जेवणाचं, वलीम्याचं पातेलं चुलीवर तसंच सोडून गेली. गावात दुसरी कोणी हे करत नव्हती. शिकायलाही कोणी तयार नव्हती. सून फरहाला तिनं दोनदा विचारलं होतं. फरहा म्हणाली, "अल्ला! मले नाई होत, अम्मी. माझे हातपाय थरथरतात." त्यामुळे शमसुन्निसा नसेल तर वडशाहून बाई आणायची, म्हणजे जीप शोधायची, म्हणजे मय्यत तोवर तशीच.

दोन हजार तीनच्या ऑक्टोबरात ती पडली.

पडली म्हणजे पुरती पडली नाही. साखरेनं दोन वर्षांपासून तिच्या तळपायांना जमीन लागत नव्हती, कापसाच्या गादीवरून चालल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी एका घरात गुसल चालू असताना ओल्या फरशीवर तिचा पाय सरकला. सरकला हे तिला पायानं नाही, डोळ्यांनी कळलं. तोल सावरायला तिनं समोरचा तख्ता, मय्यत ठेवायची लाकडी फळी, धरला, तख्ता एका बाजूला कलला आणि त्यावरची मय्यत वीतभर घसरली. दोन बायकांनी झेप घालून धरली. कोणाला काही झालं नाही.

पडद्याआडची गोष्ट बाहेर सांगायची नसते. सगळ्या बायकांनी तसं एकमेकींना बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी किराणा दुकानदारानं सादिकला विचारलं, "काऊन भाऊ, कालच्या मय्यतीत काय झालं म्हणे?"

सादिकचं बाजारात शिलाईचं दुकान होतं. तो दुकान उघडण्याऐवजी घरी परत आला आणि चौकटीत उभा राहून म्हणाला, "अम्मी, आजपासून बंद. खुर्चीवर बसायचं. पाणी मागायचं, चहा मागायचा, उठायचं नाई."

"आणि मुतायले?"

"फरहाले हाक मारायची."

*

रसूलबी पलीकडच्या गल्लीत राहायची. उन्हाळ्यापासून खाटेला खिळलेली. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आरमोरीत आल्या होत्या. शमसुन्निसा तिला बघायला गेली ती फरहाचा हात धरून, म्हणजे फरहानं तिचा दंड धरून.

"ऐकलं मी," रसूलबी म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनीच. तू नाई सांगितलं तेवढं." मग श्वास घेऊन, "तरी मले तूच पाहिजे. ते वडसेवाली नोको. तिचे हात थंडे हायेत आणि बडबड लय."

"पाडीन तुले मी."

"पाड. तेव्हा मले थोडी लागणार हाय?"

फरहा ओढणी तोंडाला लावून बाहेर गेली. शमसुन्निसा रसूलबीचे पाय दाबत बसली. हो म्हणाली नाही. नाही म्हणायची तिला सवय नव्हती. स्वतःच्या माकडहाडाची तिला भीती नव्हती. भीती त्या वीतभर घसरण्याची होती. रसूलबी तशी घसरली तर?

*

ईद झाल्यावर शाळेत साखरेच्या रोग्यांचं शिबिर लागलं. तिथे दुर्गा नावाची एक मुलगी होती, धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावची, नागपूरला व्यायामाचं शास्त्र शिकून आलेली. रांगेतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ती एका पायावर उभं करत होती आणि मनगटावरच्या घड्याळात बघत होती. लोक हसत होते.

शमसुन्निसा चार सेकंद उभी राहिली.

"आजी, कमी आहे. पण वाढते हे," दुर्गा म्हणाली. "पायाले जमीन कळत नाई तर मांड्यांले आणि कंबरेले शिकवावं लागते. रोज करा. पडणं कमी होते."

"ओल्या फरशीवर?"

"ओल्या फरशीवर काऊन जाता?"

शमसुन्निसानं सांगितलं. दुर्गानं ऐकून घेतलं. हसली नाही, घाबरलीही नाही. तिनं एक छापील कागद दिला आणि त्यावर पेनानं एक ओळ वाढवली.

कागदावर चार चित्रं होती. चारही चित्रांत तोच अर्ध्या चड्डीतला हसरा म्हातारा.

खुर्चीतून हात न टेकता उठा, बसा. दहा वेळा.

टाचा उचला. दहा वेळा.

एका पायावर उभे राहा. दहा सेकंद.

टाचेला पायाचं बोट लावून सरळ रेषेत चाला. वीस पावलं.

आणि खाली पेनानं: *आधार फक्त एका बोटाचा, भिंतीला.*

घरी आल्यावर पहिली पंचाईत कागद लावायचा कुठे ही झाली. शमसुन्निसा जिथे नमाज पढायची तिथे माणसाचं चित्र नको. स्वयंपाकघरात फरहाला तो उघड्या तंगड्यांचा माणूस नको. शेवटी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. म्हणजे व्यायाम करायचा तर आधी कपाट उघडायचं. कपाटाची किल्ली फरहाच्या कमरेला.

*

*खुर्चीतून हात न टेकता उठा, बसा.*

सादिकनं खुर्ची मांडली. स्वतः उजवीकडे, फरहा डावीकडे. दोघांनी काखेत हात घातले.

"एक," सादिक म्हणाला आणि आईला उचललं.

"मी उठू का तू उचलतं?"

"तुमी उठा ना, मी काय करून राह्यलो? जरासा हात लावला. दोन. तीन."

*एका पायावर उभे राहा. दहा सेकंद.*

"एकदोनतीनचारपाचसहासातआठनऊदहा," सादिकनं एका दमात मोजलं. "झालं, अम्मी. बसा."

"हे दहा सेकंद?"

"दुकानात गिऱ्हाईक थांबून हाय."

*टाचेला पायाचं बोट लावून सरळ रेषेत चाला.*

त्यात तिघं सरळ रेषेत मावेनात. मध्ये अम्मी, दोन्हीकडे मुलगा आणि सून, अशी वरात ओसरीभर फिरायची. गल्लीतून जाणारे थांबून बघायचे. एकानं विचारलं, "काय भाऊ, कुठी निघाले?" सादिक म्हणाला, "व्यायाम!" तो माणूस म्हणाला, "हाव, तुमचा तर मस्त होऊन राह्यला."

हे दीड महिना चाललं. एक दिवस खाडा नाही. सादिक कोणालाही अभिमानानं सांगायचा, आमची अम्मी रोज व्यायाम करते. आणि खोटं नव्हतं त्याच्या मनात काही. बापाच्या माघारी आईला त्यानं कधी पाण्याचा हंडाही उचलू दिला नव्हता. आईचा हात सोडायचा म्हणजे आईला सोडायचं, असंच त्याच्या डोक्यात. त्या डोक्यात दुसरं काही घालायचं म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोर घालणं. आणि तो शिंपी होता.

*

जानेवारीच्या शेवटी दुर्गा परत शाळेत आली.

"दाखवा आजी."

शमसुन्निसा उठली. सादिक उजवीकडे गेला, फरहा डावीकडे. कोणी सांगावं लागलं नाही.

"हे काय?" दुर्गानं विचारलं.

"आधार," सादिक म्हणाला.

"कोणाले?"

सादिकला प्रश्न कळला नाही.

"भाऊ, एका बोटाचा लिहिला होता. भिंतीले."

"भिंतीचा काय भरवसा, ताई? आपण घरची माणसं असून भिंत काऊन?"

दुर्गानं डोळे मिटले, उघडले. "सोडा दोघंही. मी आहे इथी."

सोडलं. शमसुन्निसानं डावा पाय उचलला. एक. दो... आणि ती सादिकच्या छातीवर.

"दोन सेकंद," दुर्गा म्हणाली. आवाज शांत होता, पण पेन जरा जोरात आपटलं. "डिसेंबरात चार होते. दीड महिन्यात दोन गमावले. भाऊ, दंड दाखवा तुमचे. बघा. व्यायाम तुमचा झाला."

सादिकचे कान लाल झाले. "पडल्या असत्या तर?"

"आत्ता नाई पडल्या का?"

"म्हणून तर मी होतो!"

दुर्गानं मागे वळून पाहिलं. तिच्या मागे रांगेत एकवीस म्हातारे होते आणि प्रत्येकाजवळ एक सादिक उभा होता.

*

त्यानंतर घरात एका बोटाचा नियम आला. सादिकनं स्वतःचं बोट पुढे केलं. "हे घ्या एक बोट, ताईनं सांगितलं तसं." दुसऱ्या दिवशी दोन बोटं झाली. एका बोटाचं मनगट व्हायला तीन दिवस लागले.

चौथ्या दिवशी सादिक दुकानात आणि फरहा नळावर असताना शमसुन्निसा भिंतीला बोट लावून मागच्या दारानं बाहेर पडली.

मागे सुगंधाबाईचं वावर होतं. धान निघून गेलेल्या बांध्या, मधून धुरे म्हणजे मातीचे बांध, आणि बांध्यांत लाखोळी डाळीचं पीक. सुगंधाबाई सत्तरीची, कमरेत वाकलेली, ओटीत शेंगा तोडत होती. दोघी चाळीस वर्षांच्या शेजारणी, दहा वर्षं एका कोंबडीवरून बोलत नव्हत्या, मग कोंबडी कोणाची हेच विसरून बोलायला लागल्या.

"काय व शमसूबाई, पळून आली का?"

"हाव. धुऱ्यावरून चालू देतं का मले?"

"माझ्या बापाचा धुरा हाय, चाल. पण मी नाई धरत तुले. मलेच कोण धरते?"

"धरू नोको म्हणूनच तर आली."

"पडलीस तं?"

"पडली तं बांधीत पडीन. समुद्रात नाई."

"हाव, पण लाखोळीवर पडू नोको."

धुरा हातभर रुंद, वीतभर उंच. एका पावलाची टाच, तिला दुसऱ्या पायाचं बोट. खाली बघितलं तर रेष दिसायची, पण तोल जायचा. समोर बघितलं तर पाय कुठे पडला ते कळायचं नाही. पहिल्या दिवशी पाच पावलांत ती तीनदा बांधीत उतरली. चौथ्यांदा उतरली ती बसूनच. सुगंधाबाईनं मान वर केली, लाखोळी शाबूत आहे हे पाहिलं आणि शेंगा तोडू लागली. शमसुन्निसा आपली आपण उठली. त्याला वेळ लागला. कोणी एकदोनतीन केलं नाही.

दुपार व्हायच्या आत ती घरी येऊन खुर्चीत बसायची. फरहाला तिसऱ्या दिवशी कळलं. परकराला चिखल नव्हता, पण लाखोळीचे वेल होते. तिनं सादिकला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, घरात एवढी शांतता कधी नव्हती.

एका पायावर उभं राहताना शमसुन्निसा तस्बीह हातात घ्यायची. घड्याळापेक्षा तिला ते बरं वाटायचं, एक मणी म्हणजे एक शब्द, घाईनं म्हटलेला चालत नाही. तीन मणी. आठवड्यानं पाच. मग पुन्हा तीन, कारण साखर चढली होती आणि दिवस वाईट होता. त्या दिवशी तिनं धुऱ्याला, कागदावरच्या त्या हसऱ्याला आणि सुगंधाबाईच्या कोंबड्यांच्या सात पिढ्यांना शिव्या दिल्या. मग सात. फेब्रुवारी संपताना अकरा.

संध्याकाळी सादिक यायचा, काखेत हात घालायचा, उचलायचा. "एक. अम्मी, आज हलक्या वाटता."

*

मार्चमध्ये, शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास रसूलबी गेली.

रसूलबीचा भाचा दारात आला तेव्हा सादिक दुकानाला निघालेला. शमसुन्निसा आत असतानाच त्यानं दबक्या आवाजात सगळं ठरवून टाकलं. वडशाला फोन केला, जीप ठरली, बाई निघालीच आहे, तासाभरात पोचते, जुम्म्याच्या नमाजानंतर दफन होऊन जाईल.

"कोण येऊन राह्यलं वडशाहून?" आतून आवाज आला.

"अम्मी, तुमी बसा."

ती बुरखा घालून बाहेर आली होती.

"अम्मी, ऐका. लोक काय म्हणतील? मागच्या वेळी..."

"मागच्या वेळी मी होती. तू नव्हता. मले माहीत हाय काय झालं ते."

ती निघाली. सादिकनं दंड धरला, फरहा मागोमाग. गल्लीभर तो दंड धरून चालला आणि गल्लीभर समजावत राहिला, की पाय घसरला तर काय, की या वयात मांडीचं हाड मोडलं तर काय, की रसूलचाची समजून घेईल, तिला कळतं. गल्लीच्या टोकाला पुरुष उभे होते. शमसुन्निसा थांबली.

"हात सोड, सादिक."

"अम्मी..."

"सगळ्यांसमोर ओरडू का?"

त्यानं मनगटापर्यंत सोडला. पूर्ण नाही. अंगणात चार चादरी बांधून पडदा केला होता आणि त्या पडद्याशी मात्र सादिकला थांबावं लागलं. बाईच्या गुसलाच्या पडद्याआड पुरुष जात नाही. सख्खा मुलगाही नाही. चाळीस वर्षांचा तो माणूस आईच्या मागे सगळीकडे गेला होता, एस.टी.त, दवाखान्यात, मोरीच्या दारापर्यंत. इथे त्याच्या हातात फक्त चादरीचं टोक राहिलं.

आत रसूलबीची सून आणि दोन बायका होत्या. सून रडून सुजली होती. तिनं शमसुन्निसाकडे पाहिलं, मग तिच्या पावलांकडे पाहिलं. बाकीच्या दोघींनीही पावलांकडेच पाहिलं.

"चाची," सून म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. जीप येऊन राह्यली. तुमाले... जमते ना?"

आणि शमसुन्निसाचा सहा महिन्यांचा वैताग एकदम वर आला. तिनं चपला काढल्या. बुरखा काढून फरहाच्या हातात दिला. तख्त्यापासून चार हात दूर गेली, डावा पाय उचलला आणि मय्यतीच्या घरी, रडणाऱ्या बायकांसमोर, एका पायावर उभी राहिली.

"या अल्ला," एक बाई म्हणाली.

 शमसुन्निसाचे ओठ हलत होते. चार. पाच. दुसरी बाई हसू आलं म्हणून की रडू आलं म्हणून पदरात तोंड खुपसून उभी. सहा, सात, आठ. बाहेरून सादिकचा आवाज: "अम्मी? अम्मी, काय चाललं हाय आत? बसल्या का?" नऊ. दहा.

अकरा.

पाय टेकवून ती म्हणाली, "पाणी गरम हाय का? बोरीची पानं टाका. आणि तुमी तिघी बाहेर जा, एवढ्यांचं काम नाई. फरहा, तू थांब."

"मी?" फरहानं बुरखा छातीशी धरला.

"दोन हात हायेत ना तुले?"

फरहाला सादिकनं वाटेत दहादा बजावलं होतं, अम्मीला क्षणभर सोडू नको. ती शमसुन्निसाच्या मागे येऊन तिची कंबर धरायला लागली.

"मले नोको धरू. तिले धर. खांद्याशी. हां, अशी. डाव्या कुशीवर वळव, हळू. झोपलेल्या लेकराले वळवतो तशी. चादर सरकू देऊ नोको."

बाहेरून: "फरहा! धरलं ना?"

"हाव," फरहा म्हणाली. तिचे हात थरथरत होते आणि रसूलबी त्या हातांत नीट होती. "धरलं."

"घट्ट धर!"

"सादिक," शमसुन्निसा म्हणाली, "तोंड बंद कर. इथी मय्यत हाय."

पहिलं पाणी. दुसरं पाणी. उजवी बाजू, मग डावी. फरशी भरून वाहत होती. रसूलबीचे हात हलके झाले होते, पाखरासारखे. शमसुन्निसानं तिच्या बोटांच्या पेरांतून, नखांतून, कानांच्या मागून पाणी नेलं, जसं ती नेहमी न्यायची, काही न बोलता. कापराच्या पाण्याची बादली घ्यायला ती वळली आणि पाय सरकला.

फरहानं पाहिलं. फरहाचे दोन्ही हात रसूलबीच्या खांद्याखाली अडकलेले.

शमसुन्निसाचा दुसरा पाय आपणहून मागे गेला आणि टेकला. गुडघे वाकले, कंबर थांबली. हात हवेत उघडे राहिले, कशालाच लागले नाहीत. बादलीतलं पाणी जरा हिंदकळलं.

तख्ता हलला नाही.

"बघत काय बसली?" ती फरहाला म्हणाली. "तिले वळव."

जीप पोचली तेव्हा केस विंचरून तीन वेण्या घालून झाल्या होत्या. वडशाची बाई पडद्याआड डोकावली, "अरे, झालं पण? मले सांगितलं का तुमी आजारी हाय, चालता येत नाई, खुर्चीवर..." आणि बोलतच राहिली.

शमसुन्निसा पडदा बाजूला करून बाहेर आली. सादिक तिथेच होता, चादरीचं टोक धरून. त्यानं दोन्ही हात पुढे केले. तिनं त्या हातांत रिकामी बादली दिली.

बाभळीचा काटा तिच्या उजव्या टाचेत शिरला होता तो सोमवारी, धुऱ्यावर, चप्पल भेदून, चार दिवस आधी, आणि तिला अजून कळलंही नव्हतं.